थर्मामीटरभर प्रार्थना

तुम्ही दोघा नातवंडांनी त्यांना एकदा पाहिले आहे. मागे सुट्टीत आला होतात तेव्हा लिफ्टमध्ये एक उंच, सावळ्या बाई शिरल्या. त्यांनी धाकट्याचे मनगट धरले, आपल्या घड्याळाकडे पाहिले आणि लिफ्ट तळमजल्यावर येईपर्यंत ते सोडले नाही. "एकशे दहा. पळत आलास ना?" एवढे बोलून त्या निघून गेल्या. धाकटा घरी येईपर्यंत मनगट चोळत होता. त्या कोण, हे तेव्हा सांगायचे राहून गेले. आता त्या चेन्नईतले आमचे वेलचेरी सोडून नगरला भाचीकडे राहायला गेल्या आहेत, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या इमारतीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. वॉचमन सिस्टरम्मा म्हणे. चाळीस वर्षे त्यांनी नर्सचे काम केले होते, आधी महाराष्ट्रात आणि नंतर नवऱ्याच्या बदलीमुळे चेन्नईत. मूळच्या त्या नगरकडच्या ख्रिस्ती. चर्चला त्या 'देऊळ' म्हणत, भेटल्यावर 'सलाम ताई' म्हणत आणि बोलता बोलता समोरच्याची नाडी बघत. त्यात हेतू काही नसे. आपण बोलताना चष्मा पुसतो ना, तसे ते होते. वॉचमनच्या रक्तदाबाचा शोध त्यांनी असाच लावला होता.

आमची खरी ओळख झाली ती एका पुस्तकामुळे.

एका सकाळी त्या दारात आल्या. हातात एक जाड फाइल होती. तुमचे इंग्रजी चांगले आहे असे ऐकले, म्हणाल्या. मी म्हटले, हो, तीस वर्षे विमा कंपनीचा पत्रव्यवहार केला. त्यावर त्या म्हणाल्या, मग तुम्हाला नको असलेले शब्द काढता येत असतील. मला मराठीतले काढायचे आहेत. फाइल उघडली तर आत रुग्णांच्या तापाचे जुने तक्ते. कधीकाळी रद्दीत निघालेले, त्यांनी जपून ठेवलेले. त्यांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या चाळीस प्रार्थना.

पुस्तकाचे नाव त्यांनी ठरवून टाकले होते: 'स्टुलावरून'. मला कळले नाही. मग त्यांनी ते सांगितले, आणि तेवढे एकदाच सांगितले. नोकरीत त्यांनी हजारो खाटांशेजारी उभे राहून प्रार्थना केली होती. रुग्णांच्या नातेवाइकांना धीर देण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. मग त्यांचे स्वतःचे यजमान इथल्याच एका इस्पितळात आजारी पडले आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. एकोणीस दिवस. त्या एकोणीस दिवसांत त्यांच्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघाला नाही. यजमान गेले, तेव्हाही नाही.

"उभं राहून म्हणता येतं ते बसून म्हणता येत नाही, हे मला साठाव्या वर्षी कळलं," त्या म्हणाल्या. "स्टुलावर बसलेल्याच्या हातात काहीतरी पाहिजे, ताई. माझ्या हातात नव्हतं."

मी हिंदू, त्या ख्रिस्ती. त्यांच्या धर्मग्रंथातले मला शाळेत इंग्रजी धड्यांपुरते जे कानावर पडले तेवढेच माहीत. तसे मी सांगितलेही. त्यांनी हात हलवला. बायबल मला ठाऊक आहे, म्हणाल्या, तुम्ही फक्त वाक्य बघा.

त्यांची वाक्य बघण्याची रीत मी जन्मात दुसरीकडे पाहिली नाही. त्यांचा नियम असा की, कोणतीही प्रार्थना रुग्णाच्या तोंडात थर्मामीटर असेपर्यंत संपली पाहिजे. त्याहून लांब प्रार्थना इस्पितळात पुरी होत नाही. कोणीतरी येते, काहीतरी वाजते. मग रोज अकरा वाजता त्या येत. आपला जुना पाऱ्याचा थर्मामीटर स्पिरिटने पुसून माझ्या जिभेखाली ठेवत आणि तापाच्या तक्त्यामागची प्रार्थना उभ्याने वाचून दाखवत. तीन मिनिटे मला तोंड उघडता येत नसे. एखादा शब्द खटकला की मी भुवया उंचावायची. त्या तिकडे बघत नसत. वाचून झाले की आधी पारा बघत. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. ताप नाही. आता बोला."

पहिल्या आठवड्यात मी खूप बोलले. विशेषणे कापली, दोन वाक्यांची चार केली. नवव्या दिवशी त्यांनी हे वाचले:

"प्रभू, मी सलाइनचे थेंब मोजते आहे, कारण मला दुसरे काही करता येत नाही. तू आमच्या डोक्यावरचे केस मोजतोस म्हणतात. तर मग हे थेंब आता तू मोज. मला दहा मिनिटे झोपू दे."

थर्मामीटर बाहेर निघाला तरी मी काही बोलले नाही. तुमचे आजोबा आजारी होते तेव्हाच्या कितीतरी दुपारी मला आठवल्या. त्या दुपारी मीही थेंब मोजले होते. सिस्टरांनी माझे मनगट धरले, मोजले आणि तक्त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण केली. त्यानंतर माझे काम फक्त टंकलेखनाचे राहिले, असे म्हटले तरी चालेल.

मध्येच एका डिसेंबरात वेलचेरीत पाणी भरले. तळमजल्यावरच्या सिस्टरांना आम्ही वर ओढून आणले तेव्हा त्यांनी कपडे, दागिने, कागदपत्रे काहीच घेतले नव्हते. कडेवर मात्र प्रेशर कुकर होता. मला वाटले भात असेल. त्यांनी झाकण फिरवले, आत 'स्टुलावरून'. वाफ बाहेर जात नाही तर पाणी आत कसे जाईल, असा त्यांचा हिशेब. तो बरोबर निघाला.

पुस्तक तयार झाले, पण छापणार कोण? महाराष्ट्रातल्या एका ख्रिस्ती प्रकाशकाने फोनवर विचारले, तुमचे सेवाकार्य काय, तुमच्या मागे किती लोक आहेत, व्हिडिओ वगैरे करता का. सिस्टरांनी शांतपणे उत्तर दिले की शेवटच्या वॉर्डात बेचाळीस खाटा होत्या आणि त्यांच्या शेजारी बेचाळीस स्टुले. दुसऱ्याचे म्हणणे होते की प्रार्थनांनी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या साक्षी घाला, लोकांना त्या आवडतात. सिस्टर म्हणाल्या, बरे झालेल्यांना पुस्तक लागत नाही, ते जेवायला बसतात. त्यांच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, भले गृहस्थ होते. महिन्यातून एकदा एका तमिळ चर्चच्या हॉलमध्ये त्यांची मराठी उपासना भरे. सिरुसेरीच्या आयटी कंपन्यांतली आणि श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतली तरुण मुले येत. पाळकसाहेबांना एकाच प्रार्थनेची अडचण वाटली. "प्रभू, डॉक्टर राउंडला आले नाहीत. तूही आला नाहीस." हे एवढे गाळा, असे त्यांनी दोनदा सुचवले. सिस्टरांनी दोन्ही वेळा त्यांना कॉफी पाजली आणि ते वाक्य ठेवले.

शेवटी त्यांनी स्वतःच तीनशे प्रती छापायचे ठरवले. रॉयपेट्टातल्या एका छापखान्यात मी सगळे नीट लावून पाठवले. छापखान्याच्या मालकाने एक साधी गोष्ट विचारली होती. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या सात फर्म्यांत छापले जाईल, ते फर्मे बांधणीच्या वेळी क्रमाने लावायला खाली आकडे घालतात. ते इंग्रजी आकडे चालतील का? मी उत्तर लिहिले, अगदी माझ्या जुन्या ऑफिसच्या थाटात, की मराठी पुस्तकात सर्व आकडे मराठीच असतील, अपवाद नाही. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. भाषा निर्दोष आहे.

बांधणी करणाऱ्या बायका तमिळ. आपले आकडे त्यांना येण्याचे कारण नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी आकड्यांच्या आकारावरून क्रम लावला. पहिल्यावर पुस्तकाचे नाव होते, दुसरा-तिसरा ओळखू आला. सहाचा आकडा त्यांना उलटा तीन वाटला, म्हणून तो तिनाच्या शेजारी. आपला पाच इंग्रजी चारासारखा दिसला, सात इंग्रजी सहासारखा आणि चार इंग्रजी आठासारखा. म्हणून तिसऱ्यानंतर सहावा, मग पाचवा, मग सातवा आणि सर्वांत शेवटी चौथा. तीनशेच्या तीनशे प्रती तशाच. पुस्तकात रुग्ण भरती होत होता, मग त्याच्या मरणाची प्रार्थना येत होती, मग तो घरी जात होता आणि अगदी शेवटी त्याचे ऑपरेशन होत होते.

गठ्ठे उघडले तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसले. अकरा दिवसांवर मराठी उपासनेत पुस्तकाचे समर्पण होते. चूक माझी होती, आणि ती मला सिस्टरांना सांगायची होती.

आम्ही दोघी छापखान्यात गेलो. मालक रागाने लाल झाला होता. बायकांना आजच्या आज कामावरून काढतो, म्हणाला, आणि पोंगलची सुट्टी संपली की सगळे परत बांधून देतो. सिस्टरांनी त्या चार बायकांना बोलावून घेतले. मला वाटले आता बोलणार. त्यांनी चौघींच्या बोटांना सुईने पडलेल्या भेगा बघितल्या, तमिळमध्ये काहीतरी मलम सुचवले आणि मालकाला सांगितले की कोणाला काढायचे नाही, पुस्तके आम्ही घरी नेतो. रिक्षात बसल्यावर मी माझे पत्र, माझे ते 'अपवाद नाही', सगळे सांगितले.

त्या म्हणाल्या, "आकडे बरोबरच होते, ताई. वाचणाऱ्याला विचारायचं राहिलं, एवढंच."

मग त्या अकरा दिवसांत मी जे पाहिले ते तुम्हाला कसे सांगू! आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी पांढरी चादर अंथरली. आपला जुना ट्रे काढला: वाकडी सुई, चिमटा, टाके कापायची कात्री. एक पुस्तक घ्यायच्या, वेष्टन अलगद सोडवायच्या, पाठीवरचे दोरे एकेक करून कापायच्या, फर्मे मोकळे करून क्रमाने लावायच्या आणि पुन्हा शिवायच्या. एकाही पानाला त्यांनी ओरखडा पडू दिला नाही. मी गोंद लावायची आणि वजनाखाली ठेवायची. माझे सगळे शब्दकोश वजनाच्या कामी आले. दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस प्रती होत. दुपारी त्यांची बोटे आखडत, तेव्हा त्या ती कोमट पाण्यात बुडवून बसत आणि पुन्हा सुई उचलत. सत्तर वर्षांची बाई. मी एकदा म्हटले, इतके बारीक टाके कशाला, पुस्तकच तर आहे. त्यांनी मान वर न करता सांगितले की स्टुलावर माणूस पुस्तक वाचत नाही, मुरगाळतो.

समर्पणाच्या दिवशी तीनशे पुस्तके क्रमाने होती. पाठी जरा फुगीर, पण क्रमाने.

मंडळीतल्या मुलांनी चाळीसेक प्रती घेतल्या. पाळकसाहेबांनी कौतुकाने भाषण केले. उरलेल्यांचे काय करायचे, यावर मी व्यवस्थित यादी केली होती: मासिके, मंडळ्या, ओळखीचे डॉक्टर. सिस्टरांनी ती वाचली, छान आहे म्हणाल्या आणि आपला नियम सांगितला. मागितल्याशिवाय पुस्तक कोणाला द्यायचे नाही. खाटेवर जवळचे माणूस पडले असेल तेव्हा आपण जे हातात देऊ ते कोणीही घेते, नाही म्हणायची ताकद नसते. तशा वेळी आपला देव कोणाच्या हातात कोंबायचा नाही. नोकरीत चाळीस वर्षे त्यांनी हे पाळले होते.

मग पुस्तक खपणार कसे? मला ते कोडेच वाटले. त्यांना मात्र त्यात काही कठीण दिसत नव्हते. आठवड्यातून तीन दिवस त्या वेलचेरीहून लोकल गाडीने एका मोठ्या इस्पितळाला जात. तिथे लांबून लांबून लोक ऑपरेशनसाठी येतात, आपल्याकडचेही पुष्कळ. समोरच्या कॉफीच्या दुकानाबाहेर एक बाक होता. त्यावर बसून त्या आपलेच पुस्तक उघडून वाचत, वेष्टनावरची मराठी अक्षरे रस्त्याकडे करून. बस्स. हीच जाहिरात.

आणि लोक थांबत. चेन्नईत आठ-आठ दिवस फक्त तमिळ पाट्या बघून दमलेली माणसे त्या अक्षरांकडे ओढली जात. तुम्ही मराठी? असे विचारत आणि शेजारी बसून रडत. सिस्टर त्यांचे रिपोर्ट वाचून सांगत, औषधाच्या चिठ्ठ्या समजावत, डॉक्टरांना काय विचारायचे ते तमिळमध्ये पाठ करून घेत. ज्वारीचे पीठ कुठे मिळते तेही सांगत. पुस्तक मांडीवर तसेच राही. कोणी ते मागत नसे. कोणाच्या लक्षातच येत नसे. आठ महिने असे गेले. संध्याकाळी त्या परत येत तेव्हा पिशवीतली पाच पुस्तके पाचच असत. मी विचारायचे सोडून दिले.

एक दिवस मी बरोबर गेले. दुपारची वेळ. एसटीत कंडक्टर असलेले परभणीकडचे एक गृहस्थ बाकाशी येऊन उभे राहिले. बायकोचे हृदयाचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होते. बरोबर कोणी नव्हते.

"मराठी वाचायलात का? आठ दिवस झाले, मराठी अक्षर दिसलं नव्हतं डोळ्याला."

सिस्टरांनी जागा दिली. त्यांनी नेहमीसारखे रिपोर्टचे विचारले. त्या माणसाने रिपोर्टची पिशवी उघडली नाही. "हे काय हाय?" म्हणून पुस्तकाकडे बोट केले. प्रार्थना आहेत, सिस्टर म्हणाल्या, आजारी माणसाजवळ बसलेल्यांसाठी. चष्मा वर वॉर्डात राहिला, एखादी वाचून दाखवता का, असे त्याने विचारले. सिस्टरांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची काढली. चौथ्या फर्म्यातली. मी त्या फर्म्याच्या पाठीवरचे टाके बघत होते.

दोन ओळी झाल्या आणि त्या माणसाने हात वर केला.

"ह्यात तुमच्या देवाचं नाव हाय. मी म्हणताना खंडोबाचं घेतलं तर चालंल का? उगं तुमचं पाप नको मला."

मला वाटले, आता काय म्हणतील? तुम्हाला सांगते, त्या काही सगळे देव सारखेच म्हणणाऱ्या बाई नव्हत्या. असे कोणी म्हटले की त्यांच्या कपाळावर आठी पडे. तो प्रभू त्यांचा होता, पुस्तक त्याच्यासाठी लिहिले होते, एक शब्द त्यांनी पाळकसाहेबांना बदलू दिला नव्हता. रस्त्यावरून दोन बसगाड्या गेल्या.

"मी बदलून वाचणार नाही, भाऊ," त्या अखेर म्हणाल्या. "मला ते जमायचं नाही. मी माझ्या प्रभूचंच नाव घेईन. तुमच्या तोंडात कोणाचं येतं ते तुमचं. मी ते तपासायला बसले नाही. म्हणा."

मग त्या एक ओळ वाचत आणि तो माणूस ती म्हणे. त्या प्रभू म्हणत, तो खंडोबा म्हणे. सिस्टरांचा आवाज एकदाही अडखळला नाही. प्रार्थना संपली तरी तो थांबला नाही. त्याने आपल्या मनाने पुढे जोडले: हिला अंधाराची भीती वाटते, तिकडं आत दिवा असू दे. मग त्याने तोंडावरून हात फिरवला आणि विचारले, "हे पुस्तक मला देता का?"

आठ महिन्यांत कोणी पहिल्यांदा मागितले होते. सिस्टरांनी ते दोन्ही हातांनी दिले. तो ते मुठीत धरून रस्ता ओलांडून गेला.

परतीच्या गाडीत त्या माझ्याशेजारी खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी खूश होते, अभिनंदन वगैरे करणार होते. दोन स्टेशने गेली. मग त्या म्हणाल्या, "मला नाव माहीत होतं, ताई. लहानपणापासून माहीत होतं. एकोणीस दिवस यजमानांजवळ बसून माझ्या तोंडून निघालं नाही. त्याच्या तोंडून निघालं. दिव्याचं मला सुचलंच नसतं."

मी त्यांचा हात हातात घेतला. नाडी मला बघता येत नाही, नुसता धरला.

वेलचेरीला उतरल्यावर त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून माझ्याकडे दिली. आत चार पुस्तके होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या कंडक्टरच्या बायकोला ऑपरेशनसाठी आत नेणार होते आणि तो माणूस एकटा होता, म्हणून सिस्टर पहाटेच्या गाडीने जाणार होत्या. मी पिशवी परत पुढे केली, उद्या लागतील म्हणून.

"उद्या ही नकोत," त्या म्हणाल्या. "उद्या नुसतं त्याच्याजवळ बसायचंय."